वास येत होता, साहेब

माझी बायको छत्तीस वर्षं माझ्यासोबत राहिली आणि ही गोष्ट न कळताच गेली. तिला सांगितलं नाही, मुलांना नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय पुरे असते.

मी पोलिसात होतो. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, पण वर्ध्यात आमच्या गल्लीत अजूनही जमादारच म्हणतात. आदरानं म्हणतात. मला वाकून नमस्कार करणाऱ्यांची मला कीव येते—आणि नमस्कार घेणाऱ्याची किळस.

दरवर्षी मुख्यालयाच्या मैदानावर शहीद पोलिसांचा स्मृतिदिन होतो. तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो कसा असतो. चुना टाकून आखलेल्या रेघा, बिगुल, नावांची यादी, आणि ज्याला ती नावं नीट उच्चारताही येत नाहीत असा एक पाहुणा. मागे मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर विधवा बसवायच्या. शाल, श्रीफळ, फोटो. ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ हे वाक्य मी तिथे इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय की नुसता ओठ हलला तरी मला पुढचं ऐकू येतं. फोटो निघाला की गाड्या निघतात आणि त्या बायका पाठीशी कोण आहे ते बघत ऑटोची वाट पाहत उभ्या राहतात.

या कुटुंबांना आणण्याचं, बसवण्याचं, चहा देण्याचं काम नोकरीची शेवटची बारा वर्षं माझ्याकडे होतं. मी ते मागून घेतलं होतं. लोक म्हणायचे, जमादाराचं काळीज मोठं आहे.

बघा—मी साहेबांना हसत बसलो. हे माझं जुनं कसब. आपल्यावर यायला लागलं की दुसऱ्याकडे बोट करायचं. मुद्द्यावर येतो.

मिलिंद नावाचा शिपाई होता. माझ्या हाताखाली. तिशीचा, सडपातळ, सारखा काहीतरी गुणगुणणारा. मला ‘जमादार साहेब’ म्हणायचा, माझ्यापुढे कधी पाय पसरून बसला नाही. पंचशील नुसतं म्हणणारं नाही, पाळणारं घर त्याचं. ठाण्यातल्या पार्ट्यांत हा शेंगदाणे खात बसायचा आणि शेवटी आम्हा सगळ्यांना घरोघर सोडायचा. हो, पार्ट्या. आमचा जिल्हा दारूबंदीचा, आणि पकडलेली दारू कुठे जाते हे तुम्ही मला विचारू नका.

पोळा जवळ आला की हातभट्ट्या वाढतात. तशा एका सकाळी आम्ही यशोदा नदीच्या काठी धाड घातली. मी, मिलिंद आणि दोन होमगार्ड. होमगार्डांना मी जीप घेऊन पुलाच्या बाजूला पाठवलं. आम्ही दोघं बाभळींतून खाली उतरलो. भट्टीवाले आमची चाहूल लागताच पळाले. मिलिंदनं एकट्यानं दारूसाठी आंबवलेल्या मोह्याच्या सडव्याचे ड्रम लाथा मारून उलथवले. एक ड्रम त्याच्या अंगावरच आला. छातीपासून बुटांपर्यंत भिजला आणि हसायला लागला. म्हणाला, “जमादार साहेब, आता घरी गेलो तर बायको उभं नाई करत मले.”

मीही हसलो. एवढ्यात झुडपातून एक मिशीवाला माणूस निघाला आणि सरळ नदीत उडी टाकून मोकळा झाला. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. त्याला पोहता येत नव्हतं हे दोन क्षणांत कळलं. मिलिंद बुटांसकट त्याच्यामागे गेला.

त्यानं त्या माणसाला धरलं. काठाकडे ढकललं. तो माणूस मुळ्या धरून वर आला, माझ्या अंगावर पाणी उडवत पळून गेला, आणि पुन्हा कधी सापडला नाही—मी शोधलाही नाही. मिलिंद मात्र तिथेच राहिला. पुरात बुडालेल्या बाभळीत त्याचा पाय अडकला होता. माझ्यापासून वीस-पंचवीस हातांवर.

माझा जन्म पुलगावचा. वर्धा नदीत वाढलेला मी. पुराच्या पाण्यात पैज लावून पलीकडे जाऊन आलेला. हे कशाला सांगतोय? तुम्ही उगाच माझ्या बाजूनं काही समजू नये म्हणून. मला पोहता येत होतं. चांगलं येत होतं.

मी एक बूट काढला. दुसऱ्याची लेस सोडली. मग पाण्याकडे पाहिलं—आणि काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. छातीत कळ नव्हती आली, पाय लटपटले नव्हते. फक्त वाटलं, कशाला? एवढंच. कशाला मी? मग काढलेला बूट मी परत पायात घातला. ऐकताय ना? समोर माणूस बुडत होता आणि मी खाली बसून, गाठ नीट मारून, बूट घातला. मान वर केली तेव्हा पाण्यावर काही नव्हतं.

ठाणेदार साहेब तासाभरानं आले. प्रेत अजून सापडलं नव्हतं, भोई जाळी टाकत होते. साहेब घाबरलेले होते. पुराच्या नदीवर चार माणसं, दोर नाही, काही नाही—चौकशी लागली तर त्यांचीच मान अडकणार होती. त्यांनी विचारलं, “पडला कसा?” मी म्हणालो, तोल गेला. पळून गेलेल्या माणसाचं नाव मी काढलं नाही. त्याचा विषय निघाला असता तर ‘मग जमादार, तुम्ही काय करत होते?’ हा प्रश्न निघाला असता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, “घेतली होती काय त्यानं?”

त्यांना एक दार हवं होतं. मलाही.

मी म्हणालो, “वास येत होता, साहेब.”

खोटं कुठे आहे यात, सांगा? येतच होता वास. ड्रमभर सडवा अंगावर सांडलेला माणूस, त्याचा गुलाबाचा वास येणार होता? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच खोटं मी असं खऱ्या शब्दांत बोललो. बयानातही तेच लिहून दिलं, खाली सही केली. सही नेहमीपेक्षा सुबक आली होती.

मग काय व्हायचं राहिलं? दारू पकडायला गेलेला पोलीस दारू पिऊन नदीत पडला—जिल्ह्याला आठवडाभर चघळायला मिळालं. सलामीच्या फैरी झडल्या नाहीत. साहेब अंत्ययात्रेला आले नाहीत. मी गेलो. खांदा दिला. त्याची बायको सुजाता भिंतीला टेकून बसली होती, सहा वर्षांची प्रज्ञा तिच्या मांडीवर. तिनं मला जवळ बोलावलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, “भाऊ, तुम्ही होते नं तिथं? खरं सांगा मले. यायनं घेतली होती काय?”

एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणालो, “वहिनी, जाऊ द्या आता.”

तिनं मान खाली घातली. त्या दिवशी तिचा नवरा दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी मी नुसता काठावर उभा नव्हतो.

आठ-नऊ महिन्यांनी नागपूरहून तपासणीचा अहवाल आला. तोवर मी ठाण्यात लिखापढीवर होतो, लिफाफा मीच फोडला. पोटात, रक्तात—दारूचा अंश आढळला नाही. अर्धं पान होतं. मी ते दोनदा वाचलं, मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, फाइलमध्ये शेवटी टाचलं, फाइल बांधली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकली. नदीवर मी भ्यायलो होतो म्हणून सोडून द्याल तुम्ही कदाचित. त्या खोलीत पंखा चालू होता, समोर चहा होता, आणि मला कशाचीही भीती नव्हती.

सुजाता सावंगीत एका दवाखान्यात वॉर्डात कामाला लागली. तिच्या अनुकंपा नोकरीची फाइल ‘चौकशी प्रलंबित’ म्हणून इकडून तिकडे फिरत राहिली. शाळेत पोरी प्रज्ञाला म्हणायच्या, तुझा बाप पिऊन मेला. हे मला माझ्या बायकोनंच सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. मी म्हणालो, लोक फार वाईट असतात.

आणि दर वर्षी मैदानावर मी इतरांच्या बायकांना खुर्च्यांवर बसवत होतो. मिलिंदचं नाव यादीत नव्हतं, दगडावर नव्हतं. सुजाताला बोलावणं जायचं नाही. एकदा ती ड्यूटीवरून परतताना फाटकाबाहेर उभी दिसली, बिगुल संपेपर्यंत. मी दुसऱ्या दारानं बाहेर पडलो.

असंच संपलं असतं. पण प्रज्ञा मोठी झाली. वकिलीला गेली. माहितीच्या अधिकारात तिनं बापाची फाइल मागवली आणि ते अर्धं पान तिच्या हाती लागलं. दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, मायलेकी माझ्या घरी आल्या. प्रज्ञानं कागद टीपॉयवर ठेवला.

“काका, वाचा.”

मी चष्मा लावला. प्रथमच वाचतोय असा वाचला. हात थरथरवला—थरथरला नाही, थरथरवला. मग मला रडू आलं. ते रडू खरं होतं की कसं, मला विचारू नका, मलाच ठाऊक नाही.

“तुम्ही एकटेच होते तिथं,” प्रज्ञा म्हणाली. “बयान तर तुमच्याच सहीचं आहे काका. काऊन लिहिलं असं?”

आलं होतं तोंडाशी. खरंच आलं होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, “साहेबांनी लिहून घेतलं पोरी. माझी नोकरी होती, लेकरं होती.” साहेब तोवर वारले होते. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे मी यशोदेच्या काठी शिकलो होतो. एका मेलेल्यावरची चिखलफेक दुसऱ्या मेलेल्यावर नेऊन टाकली, आणि वर उपकार म्हणून प्रतिज्ञापत्र लिहून दिलं—मिलिंदनं बुडणाऱ्या माणसाला वाचवलं, तो प्यायलेला नव्हता. सगळं खरं. फक्त एक ओळ माझ्या पदरची: ‘मी त्याला वाचवण्यासाठी पाण्यात उतरलो, परंतु प्रवाहामुळे पोहोचू शकलो नाही.’

सुजातानं माझे दोन्ही हात धरले. “भाऊ, इतकी वर्षं तुम्ही एकटेच हे घेऊन राह्यले,” म्हणाली. मला दिलासा देत होती ती. मला!

गेल्या वर्षी दगडावर मिलिंदचं नाव कोरलं गेलं. फैरी झडल्या, उशिरा का होईना. सुजाता पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती, पाठ ताठ. आणि शाल कुणाला दिली? मला. सत्यासाठी उभा राहिलेला निवृत्त सहकारी म्हणून. माइक हातात दिला. मी बोललो, ‘आपण या कुटुंबांच्या पाठीशी आहोत’ हेसुद्धा बोललो, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा बरं वाटलं. थोडं नाही, पुष्कळ बरं वाटलं. साहेब लोकांना मी सुरुवातीला हसलो ना? ते निदान भाषण करून विसरून तरी जातात. मी ते घरी घेऊन गेलो. शाल कपाटात आहे, थंडीत अंगावर घेतो.

त्या दुपारी मला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर प्रज्ञा समोर येऊन बसली. वकील झालेली पोरगी, पण तेव्हा तिचा आवाज सहा वर्षांचा होता.

“काका, बाबा शेवटी काही बोलले काय?”

मी म्हणालो, “तुझं नाव घेतलं.”

ती तोंड झाकून रडली, आणि रडता रडता हसली. आता त्यांच्या बैठकीत मिलिंदच्या फोटोखाली तिनं एक ओळ लावली आहे—शेवटच्या क्षणीही लेकीचं नाव ओठांवर होतं. पाहुण्यांना दाखवते. तिच्या लग्नाचं जमतंय, त्या मुलालाही दाखवली. मला सांगताना तिचा चेहरा उजळला होता. ही ओळ आता तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. आणि ती खोटी आहे.

मिलिंदनं प्रज्ञाचं नाव घेतलं नव्हतं. पाणी हनुवटीला आलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “भाऊ, या नं.” आयुष्यात पहिल्यांदा मला भाऊ म्हणाला. दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा मला नीट ऐकू आलं.