चूक माझी, पुढं बोला

आमच्या गावात चूक कुणाची कधीच नसते. पाइप फुटला तर ठेकेदार पाण्याला दोष देतो आणि पाणी सोडणारा विजेला. कॅप्टन सरपंच झाले त्या वर्षी आम्ही बायका रिकामे हंडे घेऊन ग्रामसभेत घुसलो. पंधरा दिवस नळाला पाणी नव्हतं. कॅप्टन उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. पुढं बोला." आम्ही हंडे धरून तशाच उभ्या. भांडायला आलेल्या बाईला कुणी भांडूच दिलं नाही, तर तिनं करायचं काय?

पुढे लोकांना ते सोयीचं झालं. दिवे गेले, चूक कॅप्टनची. शाळेचा पत्रा उडाला, चूक कॅप्टनची. आमच्या आळीतला गणपत पारावर बसून ओरडायचा, "माझी म्हस आटली राव! सांगा कॅप्टनला!" कॅप्टन हसायचे, पण संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरला घेऊन गणपतच्या गोठ्यात हजर असायचे.

पेठेच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं पाइपांचं आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. वर्षातले दोनेक महिने ते मिलिटरीत जायचे, तेव्हा त्यांची बायको दुकान बघायची. ज्यांचा बाहेर कामधंदा असतो अशा माणसांची ती फौज. टेरिटोरियल आर्मी म्हणतात तिला. गावातली पोरं त्यांना मागं 'हंगामी कॅप्टन' म्हणायची. कारगिलच्या वेळी त्यांना बोलावणं आलं आणि ते बरेच महिने आले नाहीत. परत आले तेव्हा फाट्यावर लेझीम, गुलाल, हार, सगळी तयारी होती. त्यांनी गळ्यातला हार काढून गणपतच्या हातात दिला. म्हणाले, "मी डेपो राखला. गोळी एक झाडली न्हाई. जे लढले त्यांना घाला हे." आणि बॅग उचलून चालत घरी गेले. गुलाल मग पोरांनी एकमेकांनाच लावला.

अशा माणसाच्या हातून एक काम वाईट झालं. दुकानाशेजारी त्यांनी गाळे बांधले आणि त्यातला एक चुलतभावाला दिला. चुलतभावानं तिथे देशी दारूचं दुकान टाकलं.

आमचे मालक एका संध्याकाळी त्या दुकानातून उठले, रस्ता ओलांडायला गेले आणि ट्रकखाली आले. दवाखान्यातून त्यांना कॅप्टननीच आपल्या जीपमधून आणलं. दहाव्याला नदीवर सगळी भावकी बसलेली असताना मी कॅप्टनना म्हणाले, "तुमच्या गाळ्यातून उठून गेले ते. पाप तुमचं."

ते म्हणाले, "चूक माझी." त्या दिवशी 'पुढं बोला' म्हणाले नाहीत.

खरं सांगायचं तर ते गाळे व्हायच्या कितीतरी आधीपासून आमचे मालक पीत होते. घोडेगावच्या बाजाराला बैल आणायला म्हणून गेले आणि नुसतं दावं घेऊन परत आले, तेव्हा त्या गाळ्यांच्या जागी बाभळी होत्या. हे मला ठाऊक होतं, अर्ध्या गावाला ठाऊक होतं. पण दहाव्याच्या दिवशी विधवेचं बोलणं कुणी खोडत नाही. मीही माझं खोडलं नाही.

कॅप्टन ते दुकान बंद करायच्या मागेच लागले. चुलतभाऊ म्हणाला, "लायसन माझ्या नावावर हाय. तुला घरचं माणूस मोठं का ती बाई?" तेवढ्यात बायकांच्या मतदानाचा नियम आला. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. जी घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीची. कॅप्टन माझ्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, अर्जावर पहिली सही तुमची पाहिजे." मी केली. मान ताठ करून केली.

अडचण निघाली ती लग्न होऊन गेलेल्या पोरींची. सासरी नांदत होत्या, नावं मात्र आमच्याच यादीत. मतदानाच्या दिवशी पहाटेपासून कॅप्टन जीप घेऊन पोरी गोळा करत होते. येडगावच्या एका सासूनं त्यांना अडवलं, "सून दारूसाठी माहेरी न्यायला आलेला पावणा पयलाच बघितला!" कॅप्टन म्हणाले, "मावशी, तुमीबी चला. दुपारच्या आत दोघींना आणून सोडतो." सासू खरंच जीपमध्ये बसून आली आणि मतदान संपेपर्यंत आमच्या ओट्यावर चहा पीत बसली.

बाटली आडवी झाली. आम्ही रस्त्यात फुगड्या घातल्या.

त्याचं मोल कॅप्टननी मोजलं. भावकी फिरली. पुढच्या निवडणुकीत गड्यांनी ठरवून त्यांना पाडलं. सख्खा चुलता वारला तेव्हा ते खांदा द्यायला पुढे झाले, तर चुलतभावानं हात धरून बाजूला केलं. "तुझा खांदा ऱ्हाऊ दे त्या बाईसाठी." मी तिथेच बायकांत उभी होते. कॅप्टन सगळ्यांच्या मागे, एकटे चालत गेले.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांना बोलावून म्हणायला हवं होतं, की भाऊ, माझा नवरा आधीपासूनच प्यायचा, तुम्ही एवढं अंगावर ओढून घेऊ नका. पण गावात मला आता मान होता. दुकान बंद पाडणारी बाई म्हणून तालुक्याच्या कार्यक्रमाला बोलावणी येत होती. नारळ मिळत होते, साड्या मिळत होत्या.

काही वर्षांनी दुकान विकून ते पुण्याला मुलाकडे निघाले. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले. मी मेथी निवडत होते. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, मनात अजून राग हाय का?"

मी म्हणाले, "चहा ठेवते."

चहा घेऊन ते गेले.

ते वारल्याचा फोन आला तेव्हा गावानं शाळेत सभा ठेवली. ज्यांनी पाडलं त्यांनीच भाषणं केली. मग माझं नाव पुकारलं. माईक हातात आला आणि मी म्हणाले, "माझा नवरा गाळे व्हायच्या आधीपासून पीत व्हता. कॅप्टनची काय चूक नव्हती." मी माईक परत दिला. लोकांना वाटलं म्हातारी नम्रतेनं बोलतेय. टाळ्या वाजल्या.

सभा सुटल्यावर मी त्यांच्या बायकोकडे गेले. ती पुण्याहून आली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "ते रात्री उठून बसायचे, आक्का. शेवटपर्यंत. हे त्यांना सांगायला तुम्हाला काय झालं होतं?"

तिच्या मागे गाडी उभी होती. ती उत्तरासाठी थांबली. मी खाली वाकून चपला शोधायला लागले.