मॅडम, तुम्ही अमर झालात!

किस्से साठतात ते आमच्या स्टाफरूममधल्या फ्रीजखालच्या पाण्यासारखे. कोणी मुद्दाम सांडत नाही, कोणी पुसत नाही, आणि एक दिवस आपली चप्पल ओली झाली की कळतं, अरे, हे तर बरंच झालंय! माझी झाली आहे. म्हणून लिहून टाकते.

राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर आमचा क्लास. मेडिकल-इंजिनीअरिंगच्या तयारीचा. मी तिथं बायोलॉजी शिकवते. म्हणजे, शिकवत होते. किंवा अजूनही शिकवतेच आहे. या काळाच्या गोंधळाचं कारण पुढे येईल.

यंदा डायरेक्टर सरांना ॲप सुचलं. प्रत्येक शिक्षकानं आपला अख्खा विषय कॅमेऱ्यासमोर शिकवायचा, तो ॲपवर कायमचा राहणार. सकाळी बॅचेस, दुपारपासून अंधार पडेपर्यंत शूटिंग. माझी गार्गी साडेतीन वर्षांची. नवरा अकोल्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, रोजचं अप-डाउन. पाळणाघरवाल्या काकू संध्याकाळी कुलूप लावून मोकळ्या. शेवटी गार्गीला अकोटला सासूबाईंकडे ठेवलं. ‘फक्त शूटिंग संपेपर्यंत.’

आता गंमत बघा. शूटिंग संपलं की लेक परत आणता येणार. पण शूटिंग संपलं की मॅडम हव्यात कशाला? म्हणजे भराभर शिकवलं तर नोकरी जाणार, रेंगाळत शिकवलं तर पोरगी लांब राहणार. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बॅलन्स कर ना!” हा शब्द पुरुषांना कोण शिकवतं, देव जाणे.

सुरुवातीला गार्गी फोनवर रडायची. मग फोनवर यायचीच बंद झाली. सासूबाई म्हणाल्या, “तू नको टेन्शन घेऊ वं. ते काई रडत नाई आता.”

रडत होती तेव्हा वाईट वाटायचं. रडत नाही म्हटल्यावर घास उतरेना.

* * *

स्टुडिओ म्हणजे जुनी अडगळीची खोली. हिरवा पडदा, दोन दिवे, आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. वऱ्हाडातला उन्हाळा आणि पंखा बंद! माझ्या सगळ्या लेक्चरांत मी जी तेजस्वी दिसते, तो घाम आहे.

पहिल्याच दिवशी डायरेक्टर सर म्हणाले, “मॅडम, इंटरॅक्टिव्ह पाहिजे. पोरांना वाटलं पाहिजे की तुम्ही त्यांचं ऐकताय.”

“पण सर, इथं कोणीच नाहीये.”

“म्हणूनच तर! तुम्ही विचारा, ‘काही शंका आहे का? विचारा.’ मग मनात एक-दोन-तीन म्हणा. मान हलवा. गोड हसा. आणि म्हणा, ‘व्हेरी गुड! आता पुढे जाऊया.’”

दर थोड्या वेळानं मी भिंतीला शंका विचारत होते आणि भिंतीला शाबासकी देत होते. माणसाला कशाचीही सवय होते. एका संध्याकाळी नवऱ्याला फोन केला, “येताना दूध आणताय ना?” आणि मनात एक-दोन-तीन म्हणून बोलले, “व्हेरी गुड!”

तो म्हणाला, “अगं, मी अजून काही बोललोच नाही!”

* * *

आमच्याकडे फिजिक्सचे देशमुख सर आणि केमिस्ट्रीचे वानखडे सर. निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद. दोघांचे साहेब वेगळे, पक्ष वेगळे. एकाच टेबलावर समोरासमोर बसून डबा खायचे, आणि लोणच्याची बरणी हवी असली तरी निरोप माझ्यामार्फत!

मग एक दिवस देशमुख सरांचे साहेब उडी मारून वानखडे सरांच्या पक्षात गेले. स्टाफरूममध्ये आनंदीआनंद. चला, आता तरी बोलतील! देशमुख सरांनी घसा साफ केला. “मॅडम, त्यांना सांगा, म्हणावं झालं गेलं विसरा. आता आपण एकाच पक्षाचे.”

वानखडे सरांनी पोळीवरची नजरही काढली नाही. “मॅडम, त्याईले सांगा, त्याईचे साहेब आले म्हून आमचे साहेब सकाळीच रुसून त्याईच्या जुन्या पक्षात गेले.”

लोणचं पुन्हा माझ्यामार्फत सुरू.

* * *

त्या दोघांना शेवटी एकत्र आणलं ते ॲपनं. निम्मा विषय शूट झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण आपलीच कबर खणतो आहोत, तीही मेकअप करून.

वानखडे सरांच्या घरी भाजीचा मळा. त्यांचं डोकं तसंच चालतं. म्हणाले, “माल टिकाऊ झाला म्हून आपली हे गत झाली. आपण नासका माल भरू! असं काई बोलू, का सहा महिन्यांत शिळं झालं पायजे. मंग पुन्हा शूटिंग. पुन्हा आपणच!”

इतकी सुंदर योजना आमच्या स्टाफरूममध्ये त्याआधी कधी निघाली नव्हती. मी पचनसंस्थेत चालू मालिकेतल्या सुनेचं उदाहरण घातलं. देशमुख सरांनी घर्षण शिकवताना नव्या मोबाइलचं मॉडेल आणलं. दोन्ही जागा डायरेक्टर सरांनी कात्री लावून काढल्या. “कंटेंट दहा वर्षं टिकला पाहिजे!”

उरले वानखडे सर. त्यांनी रासायनिक बंध शिकवताना सांगितलं, “हा इलेक्ट्रॉन पाहा. हा आपल्या भागातल्या पुढाऱ्यासारखा आहे. आज या अणूकडं, उद्या ज्याची ओढ जास्त त्याच्याकडं. आणि दोन्हीकडचे म्हणते, आमचाच आहे!”

आम्ही श्वास रोखून बसलो. डायरेक्टर सरांनी ते दोनदा पाहिलं. मग खूश होऊन म्हणाले, “हे राहू द्या! हे तर पन्नास वर्षं ताजं राहील!”

* * *

मग आलं रील. पोरं थांबतात ती फक्त रीलवर, तेव्हा शिक्षकांनी रीलवर यावं, असा फतवा. देशमुख सरांना काळा गॉगल लावला, मागे ढोल लावला आणि न्यूटनचा तिसरा नियम नाचून दाखवायला सांगितला. सर पन्नाशी पार केलेले. गुडघा दुखरा. क्रिया झाली, प्रतिक्रिया गुडघ्यानं दिली, आणि सर पडता पडता जे सावरले ते लोकांना फारच आवडलं. रील पार धामणगावपर्यंत पोचलं.

धामणगावला त्यांची बहीण असते. तिकडे गेले असता सरांना चक्कर आली, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर निघाला सरांचाच जुना विद्यार्थी! सरांना भरून आलं. पण डॉक्टर काही ओळख देईना. ओळखलं कंपाउंडरनं. “ओ साहेब, हे तं गॉगलवाले काका! रीलवाले!”

डॉक्टर खुर्चीतून उठला. सेल्फी घेतला. मग सरांकडे निरखून बघत म्हणाला, “काका, आम्हाला फिजिक्सला एक सर होते, अगदी तुमच्यासारखे दिसायचे. फार जीव लावून शिकवायचे. आता असतील की नाही, कोण जाणे.”

देशमुख सर आम्हाला सांगत होते, “मी म्हटलं, असतील. तू बीपी किती आहे तेवढं सांग.”

सगळे हसले. सरही हसले. मग डबा न खाताच बंद केला.

* * *

एक काका आले होते, मोर्शीकडचे संत्रावाले. मुलगा आमच्याकडे. ते थेट डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये शिरले. मी तिथं हजेरीचं बघत बसले होते.

“साहेब, पोराचा मोबाइल सुटावा म्हून मी त्याले तुमच्याकडं आणलं. अन् तुमी त्याले मोबाइलवरच शिकवून राहिले. मोबाइल तं घरीच व्हता ना!”

डायरेक्टर सर मुळीच डगमगले नाहीत. “काका, जग कुठं चाललंय! आपल्या ॲपमध्ये एआय आहे. मॅडमला रात्री शंका विचारता येते का? याला कधीही विचारा. हे घ्या, तुम्हीच विचारून पाहा.”

काकांनी टोपी सारखी केली. फोन दोन्ही हातांत धरला, प्रसाद घेतात तसा. तोंडाजवळ नेऊन हळूच म्हणाले, “नमस्कार. माहा पोरगा आहे, प्रज्वल. तो डाक्टर होईन का?”

फोनमधून शुद्ध, गोड आवाज आला, “खूपच छान प्रश्न! परंतु हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.”

काकांनी फोन टेबलावर ठेवला.

“पर मले तं येवढाच डाउट व्हता,” ते म्हणाले.

* * *

शनिवारी मी एसटीनं अकोटला जायचे. एकदा शेजारच्या सीटवर एक पोरगा येऊन बसला. सारखा माझ्याकडे बघतोय. मी ओढणी, केस, सगळं तपासलं.

“मॅडम, तुम्ही त्या ॲपवाल्या बायोलॉजीच्या ना?”

मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. फार बरं वाटलं! मी अघळपघळ बोलायला लागले. कुठला, काय, अभ्यास कसा चाललाय. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग काळजीनं म्हणाला, “मॅडम, तब्येत बरी नाही का?”

“का रे?”

“खूपच हळू बोलून राहिल्या. मी तुम्हाला नेहमी दुप्पट स्पीडवर ऐकतो ना.”

दर्यापूर येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघितलं. मग राहवलं नाही. विचारलं, “आणि ते मी मध्ये थांबते, शंका विचारा म्हणते, तेव्हा काय करता रे तुम्ही?”

“ती गॅप होय? ते आम्ही सगळेच पुढे ढकलतो, मॅडम. तिथं कोण काय बोलणार?”

* * *

शेवटचा धडा मी मुद्दाम मागे ठेवला होता. आज घसा बसला, उद्या दिवा गेला. पण शेवटी तिकडे अकोटला गार्गी रडत नव्हती, आणि ते न रडणं मला झोपू देत नव्हतं. एका दुपारी गेले, हिरव्या पडद्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं शिकवून टाकलं. शंका विचारली. भिंतीला व्हेरी गुड म्हटलं. बाहेर आले.

डायरेक्टर सरांनी सगळ्या स्टाफसमोर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ दिला. “आपण एक फॅमिली आहोत,” ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं की मी हल्ली पर्स जवळ ओढते. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही अमर झालात! उद्या तुम्ही असा-नसा, तुमची बायोलॉजी राहणार. पुढच्या सत्रात गरज लागली तर नक्की फोन करतो.”

जिन्यात देशमुख सर भेटले. त्यांचाही गुच्छ होता, निळ्या फुलांचा. म्हणाले, “मॅडम, आजवर एकाची नोकरी जायची तेव्हा दुसरा कोणी यायचा. आपल्या जागेवर आपणच आलो. भांडायचं तरी कोणाशी?”

मागून वानखडे सर उतरत होते. त्यांनी निवडणुकीनंतर पहिल्यांदाच थेट देशमुख सरांकडे बघून विचारलं, “चहा घेता का?”

* * *

मी चहाला थांबले नाही. अकोटची गाडी धरली.

सासूबाईंना कळवलं नव्हतं. पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, दार नुसतं लोटलेलं. सासूबाई मागच्या अंगणात कोणाशी तरी बोलत होत्या. गार्गी माझ्याकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ बसली होती. समोर वरण-भाताची ताटली. पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. फोनमध्ये मी होते, घामानं चमकणारी, हृदयाचे चार कप्पे समजावून सांगत. गार्गी माझ्याकडे बघत एकेक घास घेत होती. एक घास तिनं फोनपुढे धरला, मग स्वतः खाल्ला.

पिशवी खाली ठेवावी, हाक मारावी, असं माझ्या मनात येतंय, तेवढ्यात फोनमधली मी म्हणाले, “काही शंका आहे का? विचारा.”

आणि थांबले.

गार्गी फोनकडे सरकली. तोंडातला घास आधी नीट गिळला.

“आई, तू कवा येशीन?”

फोनमधली मी मान हलवून गोड हसले, आणि म्हणाले, “व्हेरी गुड! आता पुढे जाऊया.”