सगळ्या गल्लीचा एकच नंबर

फुकटरावाला खरं नाव होतं, पण गल्लीने ते केव्हाच गिळून टाकलं होतं. दिवसभर छपाईच्या दुकानात बिलबुकं आणि कार्डं जुळवणारा हा माणूस. कुणी नवा कॉम्प्युटर घेतला की आधी त्याला बोलावणं जाई. "पैसे टाकून काही घेऊ नका हं," हे त्याचं पहिलं वाक्य. पत्रं लिहायला हे, सिनेमे बघायला ते, फोटो सुधारायला आणखी तिसरं. सगळं फुकट, सगळं चांगलं, आणि चोरीचा माल एकही नाही. स्वतःही तो चहापलीकडे कुणाचं काही घेत नसे. फुकट ते पौष्टिक म्हणत गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं.

घोळ त्याने आपल्याच हातांनी घातला. फोटो आणि कागद इंटरनेटवर जपून ठेवणारी एक फुकट सोय तो प्रत्येकाला आवर्जून लावून देई. तिला मोबाइल नंबर लागे. त्यावर सहा आकडी कोड येणार, तो टाकला की दार उघडणार. पण पेन्शनर मास्तरांचा फोन चार्जिंगला, शिंपीणबाईंचा लेकीने नेलेला, आत्याला चष्माच सापडेना. याला घाई. "राहू द्या, माझाच टाकतो," म्हणत त्याने घरोघर स्वतःचा नंबर ठोकून दिला. तेव्हापासून कुणाचं काही अडलं की कोड याच्या खिशात वाजे, आणि पाठोपाठ फोन, "आला का रे?" जेवताना, आंघोळीत, गालाला साबण फासलेला असताना. विकत घेऊ नका म्हणून सांगत फिरणाऱ्याने असं विकतचं दुखणं मागे लावून घेतलं होतं.

आणि अशात त्याला यंत्रांच्या कारखान्यात आराखडे काढायची जागा मिळत होती. तेही काम तो फुकटच्याच सॉफ्टवेअरवर, आपलं आपण शिकला होता. कितीतरी वर्षं त्याला हेच हवं होतं. अट एकच होती. सकाळी फोन फाटकावर जमा करायचा, तो संध्याकाळी परत.

"आधी सगळ्यांचे नंबर बदलून टाक," बायको म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल म्हणून जन्मभर बिलबुकं जुळवणार आहेस का?"

तो निघाला. मास्तर म्हणाले, "म्हणजे आम्हाला वाऱ्यावर सोडून चाललास!" शिंपीणबाई हसल्या, "तुमची सवय झालीय हो. पुढच्या महिन्यात बघू." त्याने हट्टाने खुर्ची ओढून बसायला हवं होतं. दोन मिनिटांचं तर काम! पण भीड भिकेची बहीण, ती त्याच्या घरी कायम मुक्कामाला. तो प्रत्येक उंबऱ्यावरून "बरं" म्हणत परतला.

उरली आत्या. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. गेलेल्या आतोबांचे सगळे फोटो तिने त्याच फुकट सोयीत ठेवले होते.

"आत्या, तुझा नंबर टाकूया. मी नव्या नोकरीला लागलो की दिवसा फोन लागणार नाही."

"माझे हात कापतात रे. आकडे टाकेपर्यंत ते निघून जातं. तुझाच असू दे ना."

तिथूनही तो "बरं" म्हणूनच उठला.

कारखान्याच्या बाईंचा फोन शनिवारी दुपारी आला. "सोमवारपासून येताय ना? फोन फाटकावर राहील, चालेल?"

त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात कानाशी फोन थरथरला. त्याने पाहिलं, कोड आला होता. मागोमाग आत्याचा फोन वाजू लागला. तो बंद झाला, पुन्हा वाजू लागला. कोड थोडा वेळच टिकतो. कापऱ्या बोटांनी वाट बघत बसलेली आत्या त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

"हॅलो? ऐकताय ना?"

"मॅडम, मला नाही जमणार," तो म्हणाला. आपणच हे बोललो यावर त्याचा क्षणभर विश्वास बसेना.

मग त्याने आत्याला फोन लावला. एकेक आकडा सावकाश सांगितला. "उघडलं का? काय अडलं होतं?"

"अडलं काही नव्हतं रे. तू जाणार म्हणालास ना, म्हणून आपलं बघितलं, अजून तुझ्याकडेच येतंय ना ते."

"येतंय," तो म्हणाला. "माझ्याकडेच येतंय, आत्या."