साडेअकराचं गाऱ्हाणं

एकावन्नाव्या वर्षी माझी नोकरी गेली, आणि ते माझ्याआधी ऑफिसच्या दाराला कळलं. कार्ड लावलं, दार उघडलं नाही. बावीस वर्षांचा निरोपसमारंभ तिथेच संपला.

त्यानंतरचे सात महिने मी भांडुपच्या घरात बसून अर्ज पाठवत होते. उत्तर यायचंच नाही. आलंच तर, "तुमचा अनुभव फार आहे." (म्हणजे वय!)

शेवटी एक ऑनलाइन मुलाखत मिळाली. गुरुवारी, अकरा वाजता. माझे सासरे, वय ब्याऐंशी, लगेच म्हणाले, "गाऱ्हाणा घालूक व्हया!" गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे खणखणीत आवाजात केलेला तोंडी अर्ज. प्रत्येक मागणीवर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून सही ठोकायची.

"घाला," मी म्हटलं, "पण बरोब्बर साडेअकराला. मुलाखत संपल्यावर. एक मिनिट इकडेतिकडे नको!"

माझ्या शब्दाला घरात मान आहे. तिथेच वाट लागली.

कारण मुलाखत घेणारा मुलगा उगवला अकरा अठ्ठावीसला! "सॉरी मॅम, आधीचा कॉल लांबला." मी तोंडभर हसले. दोन मिनिटांनी पलीकडच्या स्वयंपाकघरात नारळ ठेवला गेला. नवरा, दीर, शेजारचे दोघे, सगळे हजर.

"या जागेसाठी खूप जण आहेत, मॅम. तुम्हालाच का घ्यावं?"

मी तोंड उघडणार, तोच भिंतीपलीकडून, "बा देवा म्हाराजा! सुनेच्या वाटेत जो कोण आडवो येत असात, त्येका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

मुलगा दचकला. "घरी काही कार्यक्रम आहे का?"

"टीव्ही," मी म्हटलं, आणि टेबलाखालून नवऱ्याला मेसेज केला: थांबवा!

उत्तर आलं: 'अर्ध्यावर सोडलं तर देव कोपतो म्हणतात बाबा.'

मी लिहिलं: 'इथे एचआर कोपतोय!'

"मॅनेजर तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल. चालेल?"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पगार आधीपेक्षा बराच कमी असेल."

इथे मी घासाघीस करणार होते. आदल्या दिवशी आरशासमोर तयारीसुद्धा केली होती! पण...

"व्हय म्हाराजा!!!" या वेळी शेजाऱ्यांनी जरा जास्तच जीव ओतला.

शनिवारी मेल आला. आपली निवड होऊ शकली नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा. कुठली वाटचाल, ते त्यात नव्हतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्याच नारळाची चटणी वाटत बसले. सासरे दाराशी येऊन उभे राहिले, तोंड एवढंसं.

"माझाच चुकला गो."

"जाऊ दे बाबा. वेळ मीच दिली होती."

"गुरवारचा नाय सांगणंय! धा वर्सां शिमग्याक गावच्या देवळात मी एकच मागतंय. सुनेची वणवण थांबव, तिका दोन घास घरात बसान खावंक मिळांदे. देवान आयकला!"

मी मिक्सर बंद केला. मला ती मागणी चांगलीच आठवत होती. दर वर्षी तिच्यावर सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' मीच ओरडायचे.