आवृत्ती बदलण्याचं कारण

आमच्या शाळेच्या पुस्तक निवड समितीवर मी चार वर्षं होते, आणि चार वर्षांत मी एकही पुस्तक निवडलं नाही. निवड व्हायची ती वर, व्यवस्थापनाच्या खोलीत. नोव्हेंबरात प्रकाशकाचा माणूस दिल्लीहून यायचा, स्टाफरूमच्या टेबलावर नमुन्याच्या प्रती मांडायचा, प्रत्येकीला एक डायरी आणि काजूकतलीचा डबा द्यायचा. पुस्तकं बोटीनं बहारीनला यायला वेळ लागतो म्हणून सगळी घाई. मग एकच कागद आम्हा तिघींत फिरायचा आणि सगळ्यांत जुनी म्हणून मी शेवटी सही करायचे. 'आवृत्ती बदलण्याचं कारण' हा रकाना कोरा असायचा, तो ऑफिसवाले नंतर भरत. मी कधी विचारलं नाही. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून आमचं घर माझ्या व्हिसावर होतं, मुलगी अकरावीत होती, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट दर मार्चला नवं व्हायचं. ते झालं नाही तर तिची शाळा अर्ध्यात सोडून बाडबिस्तरा गुंडाळायचा. भीती वाटायची, सरळ सांगते.

इथल्या मराठी घरांत मार्चचा निकाल लागला की पुस्तकं घरं बदलतात. जुफैरच्या बँकवाल्यांची हमद टाउनच्या ड्रायव्हरकडे, तिथून सनदला. खाकी कव्हरं तशीच, वरची नावाची चिठ्ठी तेवढी नवी. कोणी कोणावर उपकार करत नाही, ज्याचं मूल पुढे गेलं त्यानं द्यायची, एवढंच. त्या वर्षी सहावीचा एक संच मीच गाडीत घालून हमद टाउनला पोचवला. गुहागरकडचं कुटुंब, वडील कंपनीची बस चालवत, आणि मुलगी माझ्याच वर्गात येणार होती. "बिनधास्त वापर, सगळं तेच आहे," मी तिला म्हटलं. न बघता म्हटलं.

एप्रिलमध्ये वर्गात मी गणिताचं बावन्नावं पान काढायला सांगितलं. बाकीच्यांनी काढलं, ती शोधतच राहिली. तिच्या पुस्तकात त्या पानावर भलतीच गणितं होती. मी वैतागून तिला "करेक्ट बुक" आण म्हणून सुनावलं आणि आठवडाभर शेजारणीच्या पुस्तकात डोकावायला लावलं. पुस्तक मीच दिलं होतं हे तेव्हा आठवलंच नाही, असं म्हणाले तर ते खोटं होईल. आठवलं होतं. भरल्या वर्गात कबूल करायची लाज वाटली.

मे महिन्यात तिचे वडील शाळेच्या गेटवर भेटले, युनिफॉर्ममध्येच.

"मॅडम, चूक आमचीच झाली," ते म्हणाले. "चार शुक्रवार सुट्टीच्या दिवशी ड्यूटी केली नि नवा सेट घेतला. आता पोरीला काय बोलू नका."

वर नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी जुनं नि नवं, दोन्ही पुस्तकं डायनिंग टेबलावर उघडली आणि पानाला पान लावून वाचली. चार दिवस लागले. तिसरा धडा सातवा झाला होता, सातवा तिसरा. आंब्यांच्या गणितात सफरचंदं आली होती, उत्तर तेच. कव्हरवर रॉकेट होतं. एवढ्यासाठी चार शुक्रवार. प्रकाशकाचा राग आला, पण त्याचं पोटच त्यावर. मी मात्र त्या कागदावर सही केली होती, आणि काजूकतली खाल्ली होती.

पुढच्या नोव्हेंबरात कागद आला. पुन्हा नवी आवृत्ती, आता कव्हरवर रोबो. या वेळी नमुना मी आधीच घरी नेऊन तसाच वाचला होता. दोघींच्या सह्या झाल्या होत्या. मी पेन काढलं आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं: 'कारण आढळले नाही. सर्व पाने ताडून पाहिली.' मग खाली सही केली.

प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, फॉर्मॅलिटी है. नया फॉर्म साइन कीजिए, खलास."

"सर, कारण बताइए, लिख देती हूँ," मी म्हटलं.

माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतं, याची त्यांनी आठवण करून दिली. मला माहीत आहे, म्हटलं. नवा फॉर्म करायचा तर बाकी दोघींच्याही सह्या पुन्हा हव्या होत्या, आणि त्यांतली एक, जी कधी मीटिंगमध्ये तोंड उघडत नसे, ती म्हणाली की मी एकदा केलीय, परत नाही करणार.

तोच कागद वर गेला. गणिताचं पुस्तक त्या वर्षी बदललं नाही. माझ्याकडे दिलगिरीचं पत्र मागितलं, ते मी दिलं नाही. समितीतून नाव गेलं. कॉन्ट्रॅक्ट आलं, पण सप्टेंबरपर्यंतचंच. मुलगी बारावीत गेली आहे. पुढचं मला माहीत नाही. त्या रकान्यात मात्र आजही मी तेच लिहीन.

मार्चअखेर मी हमद टाउनला गेले. त्या मुलीची सहावीची पुस्तकं सनदच्या एका मुलीला द्यायची होती. पिशवी तिनं दारातच घट्ट धरून ठेवली.

"गणित तेच आहे, तिला चालेल," मी म्हटलं.

"शुअर, मॅम?" ती म्हणाली. "लास्ट टाइम ऑल्सो यू सेड."

आतून तिची आई तिच्यावर ओरडली. मी आईला थांबवलं.

"म्हणाले होते," मी तिला म्हटलं. "तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचलंय."

मग तिनं पिशवी दिली.