पदर चाकात अडकला नव्हता

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आज सांगते — अडखळले तरी पुरतं सांगते.

मी तशी भिणारी बाई नाही. कळसाडीच्या सुनांमध्ये पहिली स्कूटी मी चालवली. ग्रामसभेत उभी राहून बोलते. मग एवढीच गोष्ट नऊ वर्षं घशाशी का अडावी?

जया माझी धाकटी जाऊ. घरीच ब्लाउज शिवायची; तिच्या हातची शिलाई मागायला बाया म्हसावदहून यायच्या. त्या दुपारी आम्ही दोघी शहाद्याहून अस्तराचं कापड घेऊन परत येत होतो. गाडी मी चालवत होते, ती मागे. गतिरोधकावर गाडी उसळली, जया फेकली गेली आणि कडेच्या दगडावर तिची भुवई आपटली. शुद्धीवर आली तेव्हा तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

भुवईवर चार टाके पडले. डोळा मात्र दिसायला अगदी धड. सूज उतरल्यावर ती म्हणाली, "ताई, मन्हा ह्या डोयाले काहीच दिखत नही." सासूबाईंना वाटलं, काम टाळायला नाटक करते. मी तिला नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून, पुन्हा पुन्हा पाहिलं. "डोळा शाबूत आहे," ते म्हणाले, "पण डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस दुखावली आहे. ही नजर परत येणं कठीण." मग विचारलं, "पडल्या कशा?"

जयाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पदर चाकात अडकला."

अडकला नव्हता. माझा फोन वाजला होता — बहिणीचा. एका हाताने मी तो पिशवीतून काढत होते, मान खाली. गतिरोधक मला दिसलाच नाही. खरं बोलले तर घरचे गाडी काढून घेतील — त्या क्षणी डोक्यात एवढंच आलं. जयाचा डोळा नाही. गाडी!

तिने माझं बोलणं खरं मानलं. का नाही मानणार? उजव्या डोळ्याने तिला आता नुसता अंधूक उजेड कळतो. सुरुवातीला चहा कपाच्या बाजूला ओतायची. दारातून जाताना उजवा खांदा आपटायचा; त्या बाजूने कुणी आलं की अजून दचकते. सुईत दोरा ओवता येईना, टीप वाकडी जायला लागली, तेव्हा तिने मशीन स्वतःच्या हाताने झाकून ठेवलं. गाडीवर बसणाऱ्या नव्या सुनांना ती थांबवून सांगते, "पदर खोच, माय. मन्हा पदरनी मन्हा डोया लिधा." मी शेजारी उभी असते. मान हलवते — हो, मान हलवते!

गेल्या महिन्यात तिची मुलगी कॉलेजला जायला लागली. तिला गाडी शिकवायला जयाने माझ्याच हवाली केलं. पोरीला म्हणाली, "मोठी मायगत चालाड, मंग माले भेव नही." मोठी माय म्हणजे मी; माझ्यासारखी गाडी चालवली की तिला भीती नाही.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? पोरगी गाडी सुरू करून वाट पाहत होती. मी मागे बसले आणि म्हटलं, "चाल."

चूक माझी होती. इतकी वर्षं जया स्वतःला दोष देत आली, आणि मी देऊ दिला.