चार नंबरची वेणी

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी खोचून कॉल जोडायच्या बोर्डावर बसायची. तिची खुर्ची चौथी, म्हणून मैत्रिणी तिला आजही 'चार' म्हणतात. निवृत्त झाल्यावर तिने जुन्या बाराजणींना दर महिन्याला एक ई-पत्र पाठवायला सुरुवात केली. कुणाला नातू झाला, कुणाचा गुडघा बदलला, आणि मधेमधे एक्स्चेंजमधले जुने फोटो. प्रत्येक वेळी सगळ्यांची उत्तरं यायची, 'छान!' तेवढ्यावर मावशी महिनाभर खूश.

गेल्या आठवड्यात 'पाच'च्या मुलीचा फोन आला. पाच म्हणजे तीस वर्षं मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली मैत्रीण. हल्ली ती माणसं विसरायला लागली आहे.

"डॉक्टर म्हणतात, जुने फोटो दाखवा," मुलगी म्हणाली. "पण मावशी, तुमच्या पत्रातले फोटो आमच्याकडे दिसतच नाहीत. नुसते रिकामे चौकोन. काल आईने मला विचारलं, चार म्हणजे कोण?"

मावशीने मला तातडीने बोलावून घेतलं. ऑफिसात माझं कामच ते आहे, कंपन्यांची ई-पत्रं पाठवायची आणि त्यातला फोटो दिसला नाही की कारण शोधायचं. त्यामुळे मी जरा तोऱ्यातच गेले. "त्यांनीच फोटो बंद करून ठेवले असतील," मी पर्स टेबलावर ठेवायच्या आत निकाल दिला. मावशीच्या कॉम्प्युटरवर तर सगळं झकास दिसत होतं. ओळीने बसलेल्या आठ मुली, कानाला हेडफोन, चौथीची वेणी कमरेच्या खाली. मग तेच पत्र मी माझ्या मोबाईलवर मागवून उघडलं. तिथेही रिकामे चौकोनच होते.

"मावशी, फोटो कधी गेलेच नाहीत गं. फोटो कुठे ठेवलाय, तो पत्ता तेवढा गेला. आणि पत्ता तुझ्याच कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचा. तो तुझ्याशिवाय कुणाला सापडणार?"

"मग तीन वर्षं या बायका छान कशाला म्हणत होत्या?"

तिने एकेकीला फोन लावला. जिला तिला एकच सांगायचं होतं. "अगं, मला वाटलं माझ्याकडेच बिघाड आहे." नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांना शिकवलं होतं, आवाज आला नाही तर आधी आपल्या बाजूची वायर तपासा. एका शहाणीने तर त्यापायी नवा कॉम्प्युटर घेतला होता! मावशी हसता हसता रडायला लागली. मला आधी त्या सगळ्यांचा राग आला, आणि मग इतकी माया वाटली की काय सांगू.

मी फोटो पत्रातच घालून पाचला पाठवला. मावशी फोनजवळ खुर्ची ओढून बसली. "नाहीच ओळखलं तर?" असं तिने मला चारदा विचारलं. चहा तसाच निवला.

तासाभराने फोन वाजला. मावशीने स्पीकर लावला. "आईला देते," मुलगी म्हणाली. मावशीने माझा हात घट्ट धरला होता.

मग पाच बोलली, अगदी ड्युटीवरच्या आवाजात. "चार, मान हलवू नकोस गं. तुझ्या वेणीत माझी वायर अडकलीय."

मावशीचे केस आता जेमतेम कानापर्यंत आहेत. तरी तिने मान हलवली नाही.

"नाही हलवत," ती म्हणाली. "सोडव सावकाश."